क्यूआर कोणाच्या नावाचा?

पत्र : "ताई, यवतमाळ जिल्ह्यात आमची एक लहान बहुउद्देशीय संस्था आहे. नोंदणी आहे, आयकराचं बारा-ए (संस्थेला करसूट) आणि ऐंशी-जी (देणगीदाराला वजावट) पण मिळालं आहे. गावात अभ्यासिका चालवतो आणि आठवीनंतर तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या पोरींना सायकली देतो. गावची पोट्टी आता पुण्या-मुंबईत नोकरीले लागली, दोघं अमेरिकेत आहेत. त्यातल्याच एकानं संस्थेची वेबसाइट बनवून देल्ली. तिच्यावर देणगी घ्यायची आहे. सध्या माझ्याच मोबाइलचा क्यूआर अभ्यासिकेच्या दारावर लावला आहे. महिन्याला १५-२० हजार येतात, ते मी संस्थेवरच खर्च करतो, एक रुपया इकडचा तिकडं नाही. वेबसाइटवर ऑनलाइन पैसे घेऊन देणारे पेमेंट गेटवेवाले शंभरामागे दोन रुपये कापतात म्हणे. लोकांच्या दानातून कमिशन कशाले द्यावं? आणि द्यायचंच असलं तर कोणाले?" – एक सचिव

भाऊ,

"एक रुपया इकडचा तिकडं नाही" हे तुमचं वाक्य मी पूर्ण खरं मानते. अमरावतीत बसून इतकी वर्षं लहान संस्थांचे हिशेब लिहिते आहे, ज्याच्या मनात पाप आहे तो असं पत्र लिहीत नाही. म्हणूनच तुमची काळजी वाटली. कोणती कंपनी आणि किती टक्के हे पुढं सांगतेच, पण आधी अभ्यासिकेच्या दारावरचा तो क्यूआर काढा. आजच काढा.

कारण ऐका. तो क्यूआर स्कॅन करणाऱ्याला पडद्यावर तुमचं नाव दिसतं, संस्थेचं नाही. गावातला माणूस तुम्हाला ओळखतो, तो देऊन टाकतो. पण पुण्यात बसलेली कोणाची तरी ऑफिसातली मैत्रीण, जिनं तुमचं गाव पाहिलेलं नाही, ती एका अनोळखी माणसाच्या खात्यात पैसे का टाकेल? आणि टाकले तरी ते पैसे तुमच्या पॅनवर जमा होतात. वर्षाचे दोन-सव्वादोन लाख होतात. उद्या आयकर खात्यानं विचारलं की ही रक्कम कशाची, तर ते तुमचं उत्पन्न नाही हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. दुसरीकडं संस्थेच्या वह्यांत ही देणगी आलेलीच नाही. म्हणजे ऑडिट झालेला जो हिशेब तुम्ही दरवर्षी धर्मादाय कार्यालयात देता, तो अपुरा आहे. नियत साफ असूनही कागद तुमच्या विरुद्ध बोलतो आहे.

आणखी एक गोष्ट लिहायला जड जातं, पण लिहिते. मी हिशेब लिहीत असलेल्या एका संस्थेचे सचिव असेच सगळं स्वतःच्या खात्यात घेत. एका एप्रिलमध्ये ते अचानक गेले. घरचे अगदी सरळ, पैसे संस्थेचेच आहेत हे त्यांना मान्य. पण खातं बंद झालं, वारसाचे कागद, बँकेच्या चकरा, सगळ्यात पावसाळा संपला. आपल्याकडं जूनच्या अखेरीस शाळा उघडते. त्या वर्षी त्या संस्थेच्या मुलांना गणवेश मिळाले नाहीत. त्या सचिवांच्या बायकोला गावात जे ऐकून घ्यावं लागलं, ते मी विसरले नाही.

आता पहिलं पाऊल, ज्याला एक पैसाही कमिशन लागत नाही. संस्थेचं खातं ज्या बँकेत आहे तिथं जा आणि संस्थेच्या नावाचा क्यूआर मागा. सोबत कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत न्या. दोन सह्यांच्या खात्यातून मोबाइलवर पैसे बाहेर पाठवायला बँका सहसा परवानगी देत नाहीत, पण पैसे आत घेण्याचा क्यूआर देतात. आपल्याला तेवढंच हवं आहे. यूपीआयवरून व्यापाऱ्याला किंवा संस्थेला पैसे देताना बँकांमधलं व्यवहार शुल्क जानेवारी २०२० पासून शून्य आहे. खातं जिल्हा सहकारी बँकेत असेल आणि तिथं ही सोय नसेल, तर एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या तालुक्याच्या शाखेत संस्थेचं दुसरं खातं उघडा.

मग तुम्ही म्हणाल, हा फुकटचा क्यूआरच वेबसाइटवर लावतो, गेटवे कशाला? गावच्या दारावर, सप्ताहात, पोळ्याच्या दिवशी तो पुरतो. वेबसाइटवर पुरत नाही, कारण त्यातून तुम्हाला फक्त रक्कम आणि एखादं अर्धवट नाव कळतं. देणाऱ्याचा पत्ता नाही, पॅन नाही. पूर्वी आपण पावती पुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागायचो तेव्हा पावती फाडताना नाव-गाव लिहायचोच. क्यूआर आल्यापासून पैसा आला आणि पावती गेली.

याची किंमत मोठी आहे. ज्या देणगीदाराचं नाव आणि पत्ता संस्थेकडं नोंदलेला नाही, ती देणगी आयकराच्या दृष्टीनं अनामिक. वर्षभरातल्या अशा अनामिक देणग्या १ लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतली जी मर्यादा मोठी तिच्या वर गेल्या, की वरच्या रकमेवर थेट ३० टक्के कर. फक्त धार्मिक कामाच्या संस्थांना यातून सूट आहे, तुमच्यासारख्यांना नाही. तुमचे वर्षाचे दोन लाख धरा. नाव-पत्त्याविना आले तर लाखाच्या वरच्या प्रत्येक शंभरातले तीस सरकारजमा. आता सांगा, शंभरामागे दोन महाग की तीस?

शिवाय ऐंशी-जी. तुमच्या देणगीदाराला देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, पण ती त्याला तेव्हाच मिळते जेव्हा तुम्ही वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी आयकर खात्याला ऑनलाइन भरता आणि तिथून निघालेलं प्रमाणपत्र त्याला पाठवता. यादीत नाव, पत्ता, पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, रक्कम आणि ती कशी आली, हे सगळं लागतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. यादीचा फॉर्म १०-बीडी आणि प्रमाणपत्राचा १०-बीई ही जुन्या कायद्यातली नावं सगळ्यांच्या तोंडी बसली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा पावतीवर काय छापायचं ते तुमच्या सीएकडून एकदा लिहून घ्या. रोख देणगी २००० रुपयांच्या वर असेल तर ही वजावट मिळत नाही, हेही देणाऱ्याला आधीच सांगा. आणि नव्या करप्रणालीत असलेल्या नोकरदार पोरांना ती मिळतच नाही. ऐंशी-जीचं आमिष दाखवून पैसे मागू नका, पावती मात्र प्रत्येकाला द्या.

तर गेटवेचं खरं काम हे आहे. पैसे घ्यायच्या आधी तो देणाऱ्याकडून नाव, पत्ता, पॅन, मोबाइल भरून घेतो आणि महिन्याच्या शेवटी ती सगळी यादी तुमच्या हातात ठेवतो. तुमच्याकडं यासाठी पगारी कारकून नाही. शंभरातले दोन रुपये त्या कारकुनाचे समजा.

त्या दोन रुपयांचा हिशेब नीट मांडते, कारण इथं बहुतेक संस्था चुकतात. कोणी ५०० रुपये दिले. २ टक्क्यांनी १० रुपये कापले, त्या दहावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १ रुपया ८० पैसे. तुमच्या खात्यात ४८८ रुपये २० पैसे आले. पावती कितीची? ५०० चीच. माणसानं पाचशे दिले आहेत. वहीत देणगी म्हणून ५०० जमा आणि ११ रुपये ८० पैसे शुल्क म्हणून खर्च. बँकेत आलेला आकडा पाहून ४८८ ची पावती दिली, की देणगीदाराचा फोन येतो, "माझे बारा रुपये कुठं गेले?" प्रश्न बारा रुपयांचा नसतो, पण विश्वासाला तिथंच तडा जातो. महिन्याला २० हजार आले तरी हा खर्च ४७२ रुपये आहे. सायकलीच्या एका टायर-ट्यूबएवढा.

कंपन्यांची नावं म्हणाल तर रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअॅव्हेन्यू ही तुमच्या कानावर येतील. सामाजिक संस्थांसाठीच काम करणारी दानामोजोसारखी सेवाही आहे. गेटवेंचे दर साधारण २ टक्क्यांच्या आसपास फिरतात. यूपीआयवरचं बँकेचं शुल्क शून्य असलं तरी गेटवे आपल्या सेवेचे पैसे त्यावरही लावू शकतो, म्हणून "यूपीआयला किती आणि कार्डाला किती" हे वेगवेगळं विचारा. वर्षाचं किंवा सुरुवातीचं ठरावीक शुल्क आहे का विचारा. आम्ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहोत, दर कमी करा, हेही स्पष्ट म्हणा. आणि ज्या कंपनीकडं रिझर्व्ह बँकेचा पेमेंट अॅग्रीगेटरचा, म्हणजे लोकांचे पैसे गोळा करून संस्थेला पोचवण्याचा, परवाना आहे तीच घ्या. परवानाधारकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर आहे. तालुक्यात कोणी "मी स्वस्तात करून देतो, पैसे आधी माझ्याकडं येतील, मग तुम्हाला पाठवीन" म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

मला विचाराल तर दरातल्या पाव टक्क्यासाठी आठवडा घालवू नका. तुमच्यासारख्या संस्थेनं अशी कंपनी निवडावी, जी देणगीचं तयार पान देते. म्हणजे वेबसाइटवर नुसतं एक बटण लावायचं, पुढचं सगळं त्यांच्या पानावर होतं. पोरानं बनवलेल्या साइटमध्ये फार कोड घुसवावा लागत नाही आणि तो पोरगा उद्या नोकरीच्या गडबडीत असला तरी काम अडत नाही. तेच पान लिंक म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवता येतं, आणि भाऊ, तुमच्या बहुतेक देणग्या वेबसाइटपेक्षा गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरूनच येतील. त्या पानावर पॅन आणि पत्त्याचे रकाने स्वतः टाकता येतात का, ते आधी बघून घ्या. येत नसतील तर ती कंपनी आपल्या कामाची नाही, दर कितीही कमी असो.

मिलाप, केटो असे लोकवर्गणीचे मंचही आहेत. एखाद्या पोरीच्या ऑपरेशनसारखी तातडीची, एकदाची गरज असली तर ते उपयोगाचे. दर महिन्याच्या सायकली-अभ्यासिकेसाठी नकोत. तिथं देणगीदार मंचाचा होतो, संस्थेचा होत नाही. पेपलचा विचार कोणी सुचवला तर सांगा, भारतातल्या भारतात पैसे घेण्याची सेवा त्यांनी १ एप्रिल २०२१ पासून बंद केली.

गेटवेचं खातं उघडताना अडचण कुठं येते, सांगू? नावाच्या स्पेलिंगमध्ये. आपल्या विदर्भात निम्म्या संस्थांच्या नावात "बहुउद्देशीय" आहे. इंग्रजीत लिहिताना नोंदणीवर दोन यू, पॅनवर एक यू, बँकेत शेवटचा शब्द तोडून टाकलेला. गेटवेवाले नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचं पॅन, बारा-ए, ऐंशी-जी, रद्द केलेला चेक आणि सही करणाऱ्याची ओळखपत्रं मागतात, आणि नावं जुळली नाहीत की अर्ज परत. तेव्हा सगळे कागद एका सतरंजीवर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक असेल तर आधी पॅन किंवा बँकेची दुरुस्ती करून घ्या. ऐंशी-जीची मुदतही बघा. तात्पुरती मंजुरी तीन वर्षांची असते, नियमित पाच वर्षांची. कार्यकारिणी बदलली असेल आणि बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात पडून असेल, तर सही कोणाची चालेल हा प्रश्न येतो, त्याचाही पाठपुरावा करा. वेबसाइटवर संस्थेचा पत्ता, संपर्क, गोपनीयतेचं धोरण आणि पैसे परत करण्याचे नियम ही पानं लागतात, नाहीतर मंजुरी मिळत नाही. परत करण्याच्या नियमात साधं लिहा : चुकून जास्त रक्कम गेली तर अमुक दिवसांत कळवा, आम्ही परत करू.

खात्याचा ईमेल आणि मोबाइल नंबर संस्थेचा हवा. ही गोष्ट मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. एका संस्थेचं सगळं एका हुशार पोरानं स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं. तो परदेशी गेला, नंबर बदलला. पैसे खात्यात येत राहिले, पण देणगीदारांची यादी काढायला ओटीपी लागे, तो त्या बंद नंबरवर जाई. मे महिना अख्खा त्यात गेला आणि ३१ तारीख उलटली. एक सिमकार्ड संस्थेच्या नावानं घ्या, फोन अभ्यासिकेत ठेवा, आणि पासवर्ड तुमच्यासोबत कोषाध्यक्षालाही माहीत असू द्या.

आता अमेरिकेतली दोन पोरं. त्यांना आधी एकच प्रश्न विचारा : पासपोर्ट कोणत्या देशाचा? भारतीय पासपोर्ट असेल तर त्यानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगीत मोडत नाहीत. पासपोर्टची प्रत फाइलला लावा, त्याच्या इथल्या खात्यातून पैसे घ्या. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो तुमच्या शेजारच्या घरात जन्मलेला असला तरी कायद्याच्या लेखी परदेशी आहे. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डानं यात फरक पडत नाही. त्याचा एक डॉलरही एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. ती नोंदणी मिळायला संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत आपल्या कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली असावी लागते, आणि पैसे दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तुमच्या आकारमानाच्या संस्थेला आज तो उद्योग झेपणार नाही. गेटवेवर आंतरराष्ट्रीय कार्डं बंद आहेत ना, ते तपासून घ्या, म्हणजे चुकूनही असा पैसा येणार नाही. "आईच्या खात्यात पाठवतो, ती देईल" अशी वाट कोणी दाखवली तर तिकडं जाऊ नका. त्याला म्हणा, सुट्टीत ये, पोरींना आठ दिवस इंग्रजी शिकव. तेही दानच आहे.

पुण्या-मुंबईच्या पोरांकडून एकदम पाच हजार मागण्यापेक्षा महिन्याला शंभर-दोनशे मागा. यूपीआयवर दरमहा आपोआप रक्कम जाण्याची सोय आहे. १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी पिन टाकावा लागत नाही आणि पैसे कापण्याआधी २४ तास देणाऱ्याला सूचना जाते. तो कधीही बंद करू शकतो. कापूस-तुरीवर जगणाऱ्या गावची वर्गणी दिवाळीनंतर येते आणि मार्च-एप्रिलपासून आटते. सायकली मात्र जूनमध्ये घ्याव्या लागतात. नोकरदारांचे हे शंभर-शंभर रुपये तो खड्डा भरतात. तीस पोरांनी दोनशे दिले तर महिन्याचे सहा हजार ठरलेले.

फसवणुकीबद्दल दोनच गोष्टी. देणगीची किमान रक्कम १०० ठेवा. चोरलेल्या कार्डांची परीक्षा घेणारे लोक देणगीच्या पानांवर एक-एक रुपया टाकून पाहतात, आणि मग निस्तरणं संस्थेला येतं. आणि "ताई, ५०० ऐवजी चुकून ५००० गेले, या नंबरवर परत पाठवा" असा फोन आला, तर आधी बँकेत ती रक्कम खरंच आली का ते बघा. आली असेल तर परत करायची ती फक्त गेटवेमधून, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात, दुसऱ्या कुठल्या नंबरवर कधीच नाही. काही गडबड झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, उद्यावर टाकू नका.

राहिला तुमच्या खात्यात आजवर आलेला पैसा. तो लपवू नका आणि घाबरूही नका. बँकेचं स्टेटमेंट काढा, त्यातल्या देणग्या एका वहीत उतरवा, समोर खर्चाची बिलं लावा. ज्यांची नावं ओळखता त्यांना फोन करून पत्ता आणि पॅन घ्या. उरलेली रक्कम चेकनं संस्थेच्या खात्यात भरा. मग कार्यकारिणीची सभा बोलवा, सगळा हिशेब मोठ्यानं वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद करा. मागच्या वर्षांच्या ताळेबंदात तो कसा दाखवायचा हे ऑडिटरला विचारा. सभेत एखादा वाकडं बोलेल. बोलू द्या. बिलं तुमच्याकडं आहेत.

गेटवे सुरू झाला की लिंक ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःच्या मोबाइलवरून १०० रुपये देऊन पाहा, आणि ते अभ्यासिकेत उभं राहून करा, जिथं नेटवर्क येतं-जातं. पान उघडायला किती वेळ लागला, पॅनचा रकाना मराठीत समजतो का, पावती आली का, तिच्यावर "बहुउद्देशीय" नीट छापलंय का. दोन कामकाजाच्या दिवसांनी पासबुक भरून आणा. दर २ टक्के ठरला असेल तर ९७ रुपये ६४ पैसे जमा दिसले पाहिजेत. नाही दिसले तर मला पुन्हा लिहा, सोबत त्या पासबुकाच्या पानाचा फोटो पाठवा.